'फार्म ब्रीड' म्हणता ना, मग पावतीवर लिहून द्या

प्रति,
सोलापूर शहरातले सर्व मत्स्यालय दुकानदार
आणि त्यांना माल पुरवणारे ठोक व्यापारी

विषय : अरोवाना मासा जंगलातून पकडलेला आहे की फार्ममध्ये जन्मलेला, हे गिऱ्हाइकाला लेखी सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो आणि गेली बावीस वर्षं मासे पाळतो. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. गप्पी, मॉली, एंजल, ऑस्कर असं करत मी अरोवानापर्यंत आलो आणि त्यातलं जवळजवळ सगळं तुमच्याच दुकानांतून घेतलं. रात्री दहाला फोन करून तुम्हाला माशाचं औषध विचारलंय आणि तुम्ही ते न कंटाळता सांगितलंय. तेव्हा हे पत्र कुणा परक्याने लिहिलेलं समजू नका. या विषयावर मी दोनदा समोरासमोर बोललो, दोन्ही वेळा विषय हसण्यावारी नेला गेला. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितोय.

झालं असं. मागच्या महिन्यात एका दुकानात नवा माल आला होता. काउंटरवर थर्माकोलची पेटी उघडी, आत ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत अरोवानाची पंधरा-वीस पिल्लं. पिल्लू माझ्या करंगळीपेक्षाही लहान. प्रत्येकाच्या पोटाखाली केशरी गोळा लोंबत होता, चण्याहून मोठा, त्यावर बारीक लाल शिरांचं जाळं. तो त्याचा बलक, अंड्यातून बाहेर आल्यावर आठवडेच्या आठवडे पुरणारी शिदोरी. त्या ओझ्याने पिल्लांना वर उठता येत नव्हतं. गोळा पिशवीच्या तळाला टेकलेला आणि शेपटी नुसती वळवळत होती. बाजूच्या टाकीवर चिठ्ठी : 'सिल्व्हर अरोवाना. फार्म ब्रीड. लकी फिश.'

मी विचारलं, कुठल्या फार्मचे? उत्तर आलं, ''फार्मचेच आहेत सर, आता सगळे फार्मचेच येतात.'' मी म्हणालो, मग पावतीवर तेवढं लिहून द्या, एक घेतो. पावती मिळाली ती अशी : 'फॅन्सी फिश, 1 नग.' मी पुन्हा विचारल्यावर सांगण्यात आलं की तुम्ही दुकानदारांनी आपसात ठरवलंय, पावतीवर माशाची जात लिहायची नाही आणि कुठून आला तेही लिहायचं नाही, लोक उगाच प्रश्न काढत बसतात.

त्यानंतरच्या रविवारी मी आणखी चार दुकानांत गेलो. तोच प्रश्न विचारला. एकाने सांगितलं कोलकात्याचा आहे, एकाने चेन्नईचा, एकाने बँकॉकचा. चौथ्याने विचारलं, तुम्ही घेणार आहात की नाही तेवढं सांगा. पावती मात्र चारही ठिकाणी तीच, फॅन्सी फिश.

हा निर्णय मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तरी ही गोष्ट ठाऊक नसावी असं मला मनापासून वाटतं.

सिल्व्हर अरोवानाचं बाळंतपण बाप करतो. मादी अंडी घालते आणि नर ती सगळी तोंडात घेतो. अंडीही लहान नसतात, एकेक सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी. ती फुटेपर्यंत आणि पुढे पिल्लांचा बलक संपत येईपर्यंत, साधारण दोन महिने, तो त्यांना तोंडात सांभाळतो. तेवढे दिवस त्याच्या तोंडात दुसरं काही जात नाही म्हटलं तरी चालेल. आता तुम्हीच सांगा, बलकाचा गोळा पोटाला असलेलं पिल्लू दुकानात आलं, याचा अर्थ काय? ते आपणहून पोहत जाळ्यात शिरलेलं नाही. कुणीतरी ते बापाच्या तोंडातून काढलं.

फार्मवर हे काम हळू होतं. नराला जाळ्यात घेतात, ओल्या कापडात धरतात, जबडा हलकेच उघडून पिल्लं टबात सोडतात आणि नराला परत तळ्यात सोडतात. तो पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं देणार असतो, मालकाला त्याची किंमत असते. या माशाच्या मूळ घरी, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पुराचं पाणी शिरलेल्या जंगलात, रात्री बॅटरीच्या उजेडात हेच काम वर्षानुवर्षं वेगळ्या पद्धतीने होत आलं. पिल्लं तोंडात असलेला नर पाण्याच्या वरच्या थरात सावकाश फिरतो, सहज दिसतो. त्याला भाल्याने किंवा कोयत्याने मारायचं, तोंड उघडायचं, पिल्लं काढून घ्यायची. शे-दीडशे पिल्लांसाठी एक बाप गेला. तोही असा, जो काही वर्षं जगून वाढून आता कुठे पिल्लं सांभाळायच्या वयात आलेला. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. पेरूत काही गावांनी सरकारच्या परवानगीने, ठरलेल्या संख्येत, नराला न मारता पिल्लं गोळा करायची शिस्त लावून घेतली आहे. पण त्या पेटीतल्या पिशवीवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि बलक दिसला म्हणून मासा जंगलातलाच, असंही नाही. सिल्व्हर अरोवानाची पैदास आग्नेय आशियातल्या फार्मवर होते, तिथूनही बलकासकट पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे मासा हातात धरून, डोळ्यांना भिंग लावून बघितला तरी त्याचा जन्म कुठला ते कळत नाही. कळायचा मार्ग एकच, कागद. आणि नेमका तोच तुम्ही कोरा ठेवायचं ठरवलंत. माझी तक्रार मुळात एवढीच आहे, बाकी सगळं तिच्यातूनच निघालंय.

माझं स्वतःचं यात काय आहे तेही सांगतो.

2011 साली मी एक सिल्व्हर अरोवाना घेतला. चार इंचांचा होता. तो कारखान्याच्या ऑफिसात ठेवला. तेव्हाही मला सांगण्यात आलं होतं, फार्म ब्रीड आहे. सकाळी मी ट्यूब लावली की तो काचेपाशी यायचा, हनुवटीवरच्या दोन मिश्या सरळ पुढे धरून. कोळंबी सोलून चिमटीत धरली की पाण्यातून वर येऊन टिपायचा, बोटाला दात कधी लागू दिला नाही. हैदराबादचे, विजापूरचे व्यापारी हिशेबाला यायचे आणि चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. कुणी ना कुणी विचारायचंच, हा कुठला? आणि मी अभिमानाने सांगायचो, फार्मचा आहे, जंगलातून ओरबाडून आणलेला नाही. आठ वर्षं मी हे सांगितलं.

2019 च्या मे महिन्यात एका रात्री लाइट गेली. पंप बंद पडला. झाकणाची काच थोडी सरकलेली होती, ती माझी चूक. या माशाला पाण्याबाहेर उडी मारायची उपजत सवय असते. ॲमेझॉनमध्ये तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचे किडे उडी मारून पकडतो, तिकडचे लोक त्याला पाण्यातलं माकड म्हणतात. सकाळी कारखान्यातल्या जॉबरने दार उघडलं तेव्हा तो फरशीवर होता. सव्वादोन फूट लांब. खवले सुकून टरफलासारखे झाले होते, आणि शेजारी लावून ठेवलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्याच्या खालच्या दोन थरांना ओल लागली होती, म्हणजे बराच वेळ तो तिथे तडफडला असणार. कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली त्याला पुरला.

त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि वर लिहिलं ते सगळं समजलं. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आठ वर्षं मी जे सांगत होतो ते खरं होतं का? त्याच्या बापाला परत पाण्यात सोडलं होतं, की त्याचं तोंड कोयत्याने उघडलं होतं? माझ्याकडे एक पावती आहे, अजून जपून ठेवलेली. तिच्यावर लिहिलंय, 'मासा 1, फिल्टर 1.'

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार 'फार्म ब्रीड' या शब्दाच्या वापराबद्दल. कोलकाता, चेन्नई, बँकॉक ही माल जिथून उचलला त्या बाजारांची नावं झाली. पोत्यावर मार्केट यार्डाचं नाव असलं म्हणून कांदा काही मार्केट यार्डात पिकत नाही. बँकॉकहून आलेल्या पेटीत कोलंबियाच्या नदीतली पिल्लं असू शकतात, कारण मधले व्यापारी तिथून पिल्लं आणून, थोडी वाढवून पुढे पाठवतात. ब्राझीलने हा मासा शोभेसाठी बाहेर पाठवायला वर्षानुवर्षं परवानगी दिलेली नव्हती. कोलंबिया आणि पेरूमधून मात्र पिल्लं बाहेर जात राहिली. आणि तिघांच्या सीमा त्याच नदीच्या काठी एकमेकींना भिडतात. अशा ठिकाणाहून निघालेलं पिल्लू तीन हातांतून फिरून सात रस्त्याजवळच्या टाकीत पोचेपर्यंत त्याच्या कपाळावर 'फार्म ब्रीड' कुणी लिहिलं? बहुतेक वेळा शेवटच्या माणसाने, मार्करने.

दुसरी तक्रार सगळे अरोवाना एकाच नावाखाली विकण्याची. तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला फरक माहीत आहे. सिल्व्हर वेगळा, ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीतला ब्लॅक वेगळा, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा जार्डिनी वेगळा आणि ज्याच्यासाठी लोक लाखांची बात करतात तो एशियन, म्हणजे सुपर रेड, गोल्डन वगैरे, तो वेगळा. प्रत्येकाची कहाणी निराळी. जार्डिनीची पिल्लं न्यू गिनीच्या दक्षिणेकडच्या मेरौके भागातल्या नद्यांतून पकडून आणली जातात. त्यालाही आपल्याकडे सरसकट फार्म ब्रीड म्हटलं जातं.

एशियन अरोवानाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण याच्याच उदाहरणावरून कळतं की मी मागतोय ते अशक्य नाही. हा मासा 1975 पासून सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. सायटिस म्हणजे वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, भारत त्यात 1976 पासून आहे. पहिल्या परिशिष्टातला प्राणी जंगलातून पकडून व्यापारासाठी परदेशी पाठवता येत नाही. 1990 च्या दशकापासून सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशियातल्या फार्मना सायटिसकडे नोंदणी करून विक्रीची परवानगी मिळत गेली, पण एका अटीवर. विकायचा मासा फार्मवर जन्मलेल्या आईबापांचा हवा, म्हणजे निदान दुसऱ्या पिढीतला. पश्चिम कालिमंतानमधल्या पोंतियानाकच्या आसपास अशी फार्मं उभी राहिली, तीही त्याच कापुआस नदीच्या काठी, जिथून पूर्वी लाल अरोवाना पकडून पकडून संपवत आणला होता. तिथल्या प्रत्येक माशाच्या पाठीच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप घालतात. स्कॅनर फिरवला की नंबर येतो आणि तोच नंबर सोबतच्या दाखल्यावर असतो.

म्हणजे लाख रुपयांच्या माशाला जन्माचा दाखला आहे आणि पाचशे रुपयांच्या माशाला साधं नावसुद्धा नाही. जंगलातून पकडला जाण्याची शक्यता मात्र पाचशेवाल्याचीच जास्त.

याच्यापुढे कायदाही आला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. सायटिसच्या परिशिष्टांतले प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायचा आणि ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती. एशियन अरोवाना यात येतो. असं असताना काही ठिकाणी 'रेड आहे, कागद नंतर देतो' म्हणून मासा विकला जातोय. उद्या चौकशी आली तर अडकणार कोण? घरी टाकी घेऊन गेलेला कुणीतरी नोकरदार, ज्याने बायकोच्या वाढदिवसाला हौसेने मासा घेतला. त्याला तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं. ही तिसरी तक्रार, आणि सगळ्यांत गंभीर हीच समजा.

चौथी, बलक असलेली पिल्लं विकणं. 'स्वस्तात पडतं, बलक संपेपर्यंत खायला घालायलाही नको' असं सांगून ती नवख्या माणसाला दिली जातात. त्या गोळ्याला जरा धक्का लागला, फिल्टरच्या तोंडाला तो ओढला गेला, की फुटतो आणि पिल्लू मरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या घरात असतो, नळाला पाणी काही दिवसांआड येतं. अशा गावात, टाकीचं पाणी वेळेवर बदलायची पंचाईत असताना, अजून बापाच्या तोंडात असायला हवं ते पिल्लू पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्याच्या हातात देऊ नये.

पाचवी थोडक्यात. हा मासा तीन फुटांपर्यंत वाढतो, हे विकताना सांगत नाही. 'टाकीएवढाच वाढतो' हे साफ खोटं आहे. टाकीने तो खुरटतो, वाकतो. मग वैतागून लोक त्याला तळ्यात नेऊन सोडतात. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापी माशाने काय केलं ते भीमाकाठच्या कोळी बांधवांना विचारा. टाकीची काच साफ करायला ठेवतात तो सकर मासासुद्धा आता त्यांच्या जाळ्यात येतोय, तो काही आपणहून दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेला नाही. मला याचं जास्त वाईट वाटतं ते आणखी एका कारणाने. अरोवानाचा लांबचा नातेवाईक आपल्या भीमेतच आहे. सुरीच्या पात्यासारखा चपटा, चंदेरी मासा, काही जण त्याला चालट म्हणतात. दोघंही हाडाच्या जिभेच्या माशांच्या एकाच गणातले, जिभेवरसुद्धा दात असलेले. परक्या माशांच्या गर्दीत आपला घरचा मासा कोपऱ्यात जावा, आणि तोही आपल्या हौसेपायी, हे बरं नाही.

तुमची बाजू मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, ठोक व्यापारीच आम्हाला सांगत नाही तर आम्ही काय लिहिणार? बरोबर आहे. म्हणूनच हे पत्र त्यांनाही लिहिलंय. पण तुम्ही मागितलंच नाही तर ते कधीच देणार नाहीत. दहा दुकानदारांनी एकाच आठवड्यात फोन करून विचारलं, की या पेटीत काय आहे, कुठलं आहे, लिहून पाठवा, तर पुढच्या पेटीसोबत कागद येईल. मी धंद्यातला माणूस आहे, सूत घेताना हेच करतो. काउंट, लॉट, गिरणी, सगळं कागदावर हवं, नाहीतर गठ्ठा परत.

कुणी असंही म्हणेल की जंगलातला मासा म्हणजे पापच, म्हणून लपवावं लागतं. तसं मी मानत नाही. ब्राझीलमध्ये रिओ निग्रोच्या काठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हाताने कार्डिनल टेट्रा पकडतात. त्या चिमुकल्या माशावर घर चालतं, म्हणून त्यांना नदीकाठचं जंगल तोडायची गरज पडत नाही. असा मासा जंगलातला आहे म्हणून कुणी मान खाली घालायचं कारण नाही. उलट फार्मचा प्रत्येक मासा चांगल्या रीतीने वाढवलेलाच असतो, याची तरी कोण हमी देणार? मला जंगली मासा बंद करायचा नाही. मला फक्त खरं उत्तर हवंय, पुढचं मी ठरवीन. जंगलातला आहे हे कळलं तर कदाचित मी घेणार नाही, दुसरा घेईल. तो त्याचा प्रश्न.

आणि हे सोलापुरात सांगावं लागावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. बाहेरगावी काढलेली कसलीही चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा आपण सगळे चिडतो की नाही? मी स्वतः एका जत्रेत तसल्या चादरीचा कोपरा उलटून दुकानदाराशी वाद घातलाय. आपण तेव्हा म्हणतो, कुठे विणली ते खरं सांगा, नाव चोरू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग होते, अशोक चौकात आणि साखर पेठेत वाढलेली मंडळी आहात तुम्ही. वस्तू कुठून आली याला किंमत असते, हे या गावाइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता मागण्या. फार नाहीत.

अरोवाना विकताना पावतीवर त्याची जात लिहा, नुसतं फॅन्सी फिश नको. जंगलातून पकडलेला की फार्मचा, ते लिहा, आणि ज्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतला त्याचं नाव लिहा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा. तो शब्द लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि मी असं लिहिणाऱ्या दुकानातून माल घेणं थांबवणार नाही. पण फार्मचा कागद हातात नसताना टाकीवर 'फार्म ब्रीड'ची चिठ्ठी लावू नका. लावलेल्या असतील त्या आज काढा.

एशियन अरोवाना गिऱ्हाइकासमोर चिप वाचून आणि दाखल्याशी नंबर जुळवून दिल्याशिवाय विकू नका. नोंदणी करावी लागते हे त्याला आधी सांगा, पैसे घेतल्यावर नाही.

बलक असलेली पिल्लं मागवणं बंद करा. ठोक व्यापाऱ्यांनी ती सोलापूरला पाठवू नयेत.

मासा किती वाढणार हे टाकीवर लिहा, आणि वाढलेला मासा गिऱ्हाइकाला ठेवता येत नसेल तर तो परत घ्या. पैसे परत द्या असं मी म्हणत नाही. नुसता मासा घ्या, म्हणजे तो कंबर तलावात किंवा हिप्परग्यात जाणार नाही.

यासाठी मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागतो. गड्ड्याच्या जत्रेला जिल्ह्यातून लोक शहरात येतात, मुलं मासे मागतात, तेव्हा तुमच्या दुकानांत गर्दी असते. त्याआधी हे व्हावं. वेगळी पावतीपुस्तकं छापायचा खर्च वाटत असेल तर पहिली पन्नास पुस्तकं मी माझ्या खर्चाने छापून देतो. नमुना तयार केलाय, तो असा :

मासा : ............
नग : ............
जन्म : जंगलातला / फार्मचा / माहीत नाही
आमच्याकडे कुणाकडून आला : ............
फार्मचं नाव किंवा चिप नंबर, असल्यास : ............
पूर्ण वाढ : ............ फूट

मधल्या तीन शब्दांपैकी एकावर खूण करायला पेन लागेल, बाकी काही नाही. ज्यांना पुस्तक हवंय त्यांनी कारखान्यावर यावं किंवा कुणाला तरी पाठवावं. मी रविवारीही असतो.

आपला,
बावीस वर्षांचा गिऱ्हाईक,
अक्कलकोट रोड, सोलापूर